डिकीतली पेटी

जॉन जर्मन यांना फोक्सवॅगनचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना खरं तर अमेरिकेतल्या डिझेल गाड्यांचं कौतुकच करायचं होतं. क्रायस्लर, अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए, होंडा अशा सगळ्या घरचं पाणी प्यायलेला हा मुरलेला माणूस इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्स्पोर्टेशन नावाच्या ना-नफा संस्थेत काम करत होता. युरोपातल्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत शहाण्यासारख्या वागतात आणि रस्त्यावर आल्या की सुटतात, हे तिथल्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. अमेरिकेचे नियम युरोपापेक्षा बरेच कडक, गाड्या बनवणाऱ्या कंपन्या मात्र त्याच. मग अमेरिकेतल्या गाड्या रस्त्यावर मोजू, त्या स्वच्छ निघतील, आणि तो अहवाल युरोपातल्या सरकारांपुढे टाकू. म्हणजे तिकडे जमतं ते इकडे का जमत नाही, असं विचारता येईल. एवढाच बेत होता.

काम मिळालं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला. मॉर्गनटाउन हे कोळशाच्या डोंगराळ मुलखातलं गाव. तिथल्या इंजिन आणि धुराच्या केंद्रात डॅन कार्डर नावाचे अभियंते होते आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी पोरं होती. त्यातला अरविंद तिरुवेंगडम चेन्नईचा, हेमंत कप्पण्णा बंगळुरूचा आणि मार्क बेश स्वित्झर्लंडचा. कंत्राट कितीचं? निरनिराळे आकडे सांगितले जातात, पण सगळे पन्नास ते सत्तर हजार डॉलरच्या दरम्यान. मोठ्या गाडी कंपन्या एखाद्या जाहिरातीच्या चहापाण्यावर एवढे उडवत असतील.

वेस्ट व्हर्जिनियात डिझेल मोटारी विरळाच, म्हणून मंडळी कॅलिफोर्नियाला गेली. तीन गाड्या मिळवल्या: फोक्सवॅगनची जेट्टा, फोक्सवॅगनचीच पसाट आणि बीएमडब्ल्यू एक्स-५. सायलेन्सरला नळी जोडायची, ती नळी डिकीतल्या पेटीत न्यायची, आणि गाडी चालता चालता धुरात काय काय आहे ते पेटीनं सेकंदासेकंदाला लिहून ठेवायचं. पेटीला वीज लागते आणि ती गाडीच्या इंजिनातून घेतली तर मापच बिघडतं. म्हणून सोबत बाजारात मिळणारा जनरेटर. तो काही अमेरिकेच्या महामार्गांवर धक्के खात फिरण्यासाठी बनवलेला नव्हता, मधूनच रुसायचा. मागून नळ्या लोंबकळताहेत, जनरेटर धडधडतोय, अशा थाटात पसाट लॉस एंजेलिसहून सिॲटलपर्यंत गेली आणि परत आली. जवळपास चार हजार किलोमीटर.

आकडे आले तेव्हा या पोरांना पहिला संशय आला तो स्वतःच्याच यंत्राचा. कॅलिब्रेशन पुन्हा केलं, नळ्या तपासल्या. आकडे हलेनात. नायट्रोजनची ऑक्साइडं, म्हणजे या धंद्यातल्या भाषेत ‘नॉक्स’, जेट्टामधून मर्यादेच्या १५ ते ३५ पट बाहेर पडत होती आणि पसाटमधून ५ ते २० पट. बीएमडब्ल्यू बहुतेक रस्त्यांवर मर्यादेत. आणि याच दोन फोक्सवॅगन गाड्या कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाच्या एल मॉन्टी इथल्या प्रयोगशाळेत रोलरवर चढवल्या की ठणठणीत पास. शिक्षणाधिकारी तपासणीला आल्यावर हाताची घडी घालून बसणारा वर्ग आणि ते फाटकाबाहेर पडताच बाकावर चढणारा वर्ग, असा हा प्रकार.

मे २०१४ मध्ये अहवाल निघाला. त्यात गाड्यांची नावं नव्हती. वाहन ‘ए’, वाहन ‘बी’, वाहन ‘सी’ एवढंच. त्याआधी सॅन डिएगोच्या एका परिषदेत मुलांनी हे आकडे मांडले तेव्हा समोर सरकारी आणि कंपन्यांची माणसं बसलेली होती. कोणत्या गाड्या आहेत हे त्यांना ओळखायला फार वेळ लागला नसणार.

पुढचं सगळं पेपरांत येऊन गेलेलं आहे: सप्टेंबर २०१५, ‘डिझेलगेट’, तपासणी ओळखून फसवणाऱ्या जगभरातल्या १ कोटी १० लाख गाड्या, कंपनीच्या प्रमुखाचा राजीनामा. मला या गोष्टीत रस आहे तो डिकीतल्या पेटीत. एवढ्याशा विद्यापीठाकडे रस्त्यावर धूर मोजायचं कसब आलं कुठून? याचं उत्तर एका जुन्या दंडाच्या पावतीत आहे, आणि ती पावती १९९८ची.

त्या काळी अमेरिकेत ट्रकचं इंजिन पास करायची परीक्षा टेस्ट बेंचवर व्हायची. इंजिन ट्रकमधून काढून बेंचवर बसवायचं आणि वीस मिनिटांचा ठरलेला कार्यक्रम चालवायचा: थोडा वेग, थोडं थांबणं, पुन्हा वेग, शहरात चालवल्यासारखं. इंजिनांत संगणक आल्यावर तो कार्यक्रम इंजिनांना पाठ झाला. ट्रक महामार्गाला लागून एकाच वेगानं चालू लागला की इंजिनाचा संगणक ओळखायचा, ही काही परीक्षा नव्हे. मग इंधन सोडायची वेळ तो गुपचूप बदलायचा. डिझेल वाचायचं, ट्रकमालक खूश, आणि नॉक्स भसाभस बाहेर. सरकारच्या हिशेबानं अशी १३ लाख इंजिनं रस्त्यावर होती आणि त्यांनी १९९८ या एका वर्षात हवेत सोडलेलं जादा नॉक्स म्हणजे साडेसहा कोटी जादा मोटारी रस्त्यावर आणल्यासारखं होतं.

२२ ऑक्टोबर १९९८ रोजी तडजोड जाहीर झाली. कॅटरपिलर २.५ कोटी डॉलर, कमिन्स २.५ कोटी, डेट्रॉइट डिझेल १.२५ कोटी, मॅक आणि रेनॉ मिळून १.३ कोटी, व्होल्वो ५० लाख, नेव्हिस्टार २९ लाख. बेरीज ८ कोटी ३४ लाख डॉलर. पर्यावरणाच्या कायद्याखाली तोवर एवढा दिवाणी दंड कुणालाच झाला नव्हता. वर्तमानपत्रांनी हाच आकडा मथळ्यात घेतला. गुन्हा मात्र कुणी कबूल केला नाही. अशा तडजोडीत तो करायचा नसतोच. पैसे भरायचे, अटी मान्य करायच्या आणि ‘आम्ही काही चूक केली असं यातून समजू नये’ हे वाक्य वकिलाकडून टाकून घ्यायचं.

मजा होती ती अटींत. एक अट अशी की २००४ साली येणारी नवी मर्यादा या कंपन्यांनी १५ महिने आधी, म्हणजे ऑक्टोबर २००२ पासूनच पाळायची. या अटीनं ट्रकच्या बाजारात धमाल उडवली. नवी इंजिनं महाग, थोडी जास्त पिणारी आणि रस्त्यावर न कसलेली. म्हणून वाहतूकवाल्यांनी ऑक्टोबरच्या आधी जुन्या इंजिनांचे ट्रक हपापल्यासारखे विकत घेतले. कारखाने जादा पाळ्या करून थकले आणि तारीख उलटल्यावर बाजार ओस पडला. कमिन्सनं धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी पद्धत घेतली आणि तारीख पाळली. कॅटरपिलरला ती पद्धत पसंत नव्हती. त्यांनी स्वतःचं तंत्र तयार होईपर्यंत दर इंजिनामागे ठरलेला ‘मर्यादा न पाळल्याचा आकार’ भरला आणि इंजिनं विकली. हो, अमेरिकेच्या कायद्यात अशी सोय आहे. ज्याला जमत नाही त्यानं इंजिनामागे पैसे भरावेत, म्हणजे ज्यानं खर्च करून जमवलं त्याचा तोटा होणार नाही. आपल्याकडे कुणी असं सुचवलं तर ‘प्रदूषणाचा परवाना विकता काय’ म्हणून मोर्चा निघेल. पण यामागचा हिशेब मला तरी पटतो.

दुसरी अट मथळ्यात कुठेच नव्हती. यापुढे इंजिनं बेंचवर पास झाली म्हणून भागणार नाही, ती ट्रकमध्ये बसवलेली, रस्त्यावर चालताना मोजायची. मोजायची कशानं? तसं भरवशाचं यंत्र नव्हतं. मग दंड झालेल्या कंपन्यांच्याच खर्चानं ते तयार करायचं ठरलं आणि काम गेलं वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे. डॅन कार्डर यांची उमेदीची वर्षं या कामात गेली. ट्रकमध्ये ठेवता येईल, गचके खाईल आणि तरीही कोर्टात टिकेल असं माप देईल, अशी यंत्रणा त्यांनी उभी केली. ती पुढे बाजारातल्या कंपन्यांनी आटोपशीर केली आणि २०१३ मध्ये तिचीच धाकटी बहीण पसाटच्या डिकीत जाऊन बसली.

याआधीच्या दंडांनी असं काही मागे ठेवलं नव्हतं. १९७३च्या फोक्सवॅगन गाड्यांत तापमान ओळखून धुराचं नियंत्रण बंद करणारे स्विच सापडले. १९७४ मध्ये कंपनीनं १,२०,००० डॉलर भरले आणि विषय मिटला. फोक्सवॅगनच बरं का, आणि तीही चाळीस वर्षं आधी! १९९५ मध्ये जनरल मोटर्सच्या ४,७०,००० कॅडिलॅक गाड्यांचा किस्सा तर घरगुती म्हणावा असा. परीक्षा एसी बंद ठेवून व्हायची. एसी चालू केला की या गाड्या मधेच बंद पडायच्या, म्हणून इंजिनाच्या चिपमध्ये सोय केली होती की एसी लागला रे लागला की इंधन जास्त सोडायचं. त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही वाढायचा. कॅडिलॅकमध्ये एसी बंद करून कोण फिरतो, हे परीक्षा आखणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं. कंपनीनं आरोप नाकारला, १.१ कोटी डॉलर दंड भरला आणि गाड्या परत बोलावून चिप बदलली.

आता पुन्हा एल मॉन्टीला. अहवालानंतर कॅलिफोर्नियाच्या मंडळानं फोक्सवॅगनला विचारणा सुरू केली. कंपनीचे अभियंते दर बैठकीला नवं कारण घेऊन येत: तुमची चाचणी नीट नाही, हवामान वेगळं होतं, गाडी चालवायची पद्धत वेगळी होती. डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीनं अमेरिकेतल्या पाचेक लाख गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलून देऊ म्हटलं. मंडळाचे लोक चिवट. मे २०१५ मध्ये बदललेल्या गाड्या त्यांनी पुन्हा मोजल्या. रोलरवरचा कार्यक्रम त्यांनी मुद्दाम लांबवला, क्रम बदलला, गाडीला अंदाज येणार नाही असं केलं. आकडे थोडे खाली आले, पण मर्यादेच्या वरच राहिले. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं: या कोड्याचं उत्तर मिळेपर्यंत २०१६च्या डिझेल मॉडेलना विक्रीची मंजुरी नाही. धुराच्या कायद्यात दंडापेक्षा कंपन्या कशाला भितात असं विचाराल तर याला. जहाजातून उतरलेल्या नव्या गाड्या बंदरावर उभ्या आणि विकता येत नाहीत.

कंपनीच्या आत काय चाललं होतं ते पुढे फौजदारी खटल्यात तिनं स्वतःच मान्य केलेल्या तथ्यांच्या जंत्रीत वाचायला मिळतं. हे कागद मी अधूनमधून वाचतो, रहस्यकथेसारखे. तपासणी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला आतली मंडळी ‘ध्वनी फंक्शन’ म्हणत. मूळचं ते ऑडीच्या इंजिनाचा आवाज कमी करण्याच्या कामातून आलेलं. २०१२च्या सुमाराला गिऱ्हाइकांच्या गाड्यांतली धूर गाळणारी यंत्रणा बिघडू लागली. अभियंत्यांनी शोध घेतला तर संशय असा की रस्त्यावर आल्यावरही गाडी लवकर ‘परीक्षेतून’ बाहेर येत नाही आणि शुद्धीकरणाचा भार सोसत बसते. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे स्टीअरिंग. रोलरवर चढलेल्या गाडीचं स्टीअरिंग कुणी फिरवत नाही. तेव्हा स्टीअरिंग जरा वळलं की परीक्षा नाही हे पक्कं. सॉफ्टवेअरमध्ये ते घातलं गेलं आणि २०१४ मध्ये आधी विकलेल्या गाड्यांतही भरलं गेलं. मालकांना सांगितलं, गाडीत सुधारणा केली आहे. फसवणूक नीट चालावी म्हणून घातलेली ही सोय गिऱ्हाईक आनंदानं करून घेत होतं.

चाचणीचे आकडे कळल्यावर कंपनीतल्या एकानं दुसऱ्याला ईमेलमध्ये लिहिलं की पहिल्यांदा हे ठरवावं लागेल, आपण प्रामाणिक राहायचं की नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनीच्या वकिलाकडून कुणकुण लागली की कागदपत्रं जपून ठेवायचा हुकूम निघणार आहे. त्याचा अर्थ मंडळींनी उलटा घेतला: म्हणजे अजून निघालेला नाही. फोक्सवॅगन आणि ऑडीच्या सुमारे चाळीस जणांनी हजारो कागद आणि फायली नष्ट केल्या.

आणि त्याच ऑगस्टमध्ये, १९ तारखेला, एल मॉन्टीच्या बैठकीत कंपनीच्याच एका माणसानं वरिष्ठांनी मना केलेलं असताना मंडळाच्या अधिकाऱ्यांना सांगून टाकलं की या गाड्या रोलरवर एक वागतात आणि रस्त्यावर एक. दोन आठवड्यांनी, ३ सप्टेंबरला कंपनीनं अधिकृतपणे कबुली दिली. १८ सप्टेंबरला ईपीएची नोटीस निघाली.

त्या नोटिशीनंतर सगळीकडे १८ अब्ज डॉलर हा आकडा फिरला. तो आला साध्या गुणाकारातून: गाडीमागे कमाल दंड ३७,५०० डॉलर, गाड्या ४,८२,०००. प्रत्यक्षात जानेवारी २०१७ मध्ये हवेच्या आणि आयातीच्या कायद्यांखालचा दिवाणी दंड ठरला १.४५ अब्ज. मधले साडेसोळा अब्ज कुठे गेले?

कायद्यातला कमाल आकडा हा सौद्यातला पहिला भाव असतो. खरा आकडा बंद खोलीत ठरतो आणि त्याची रीत ईपीएनं लिहून ठेवली आहे. आधी हिशेब करायचा की नियम न पाळून कंपनीचे किती पैसे वाचले. यासाठी त्यांच्याकडे ‘बेन’ नावाचा संगणकीय हिशेब आहे, १९८४पासूनचा. जे यंत्र बसवायला हवं होतं त्याची किंमत, ते उशिरा बसवल्यानं किंवा न बसवल्यानं वाचलेला खर्च, त्यावरचं व्याज, कराचा फरक. दंड निदान एवढा तरी हवा, नाहीतर नियम मोडणं हाच किफायतशीर धंदा ठरेल. त्यावर हानीचं गांभीर्य, आधीचं रेकॉर्ड, लपवाछपवी यांची भर आणि सहकार्याची सूट. मग दोन्हीकडचे वकील बसतात. ठरलेला मसुदा लोकांच्या हरकतींसाठी ३० दिवस प्रसिद्ध करतात आणि न्यायाधीश शेवटी त्यावर सही करतात. बाकीची रक्कम इतर खिशांत जाते. फोक्सवॅगनच्या बाबतीत २.८ अब्ज फौजदारी दंडात गेले. आणि त्याच्याही आधी, जून २०१६च्या तडजोडीत, गाड्या परत घेण्यासाठी आणि मालकांना भरपाई देण्यासाठी १० अब्जांच्या वर, राज्यांनी जुन्या बस आणि ट्रक बदलावेत म्हणून २.७ अब्जांचा निधी, आणि विजेवरच्या गाड्यांसाठी २ अब्ज.

या शेवटच्या अटीतून ‘इलेक्ट्रिफाय अमेरिका’ ही चार्जिंग स्टेशनांची कंपनी निघाली. डिझेलवाल्यानं दंडाच्या अटीखाली विजेच्या गाड्यांसाठी देशभर चार्जर लावले! परत घेतलेल्या लाखो गाड्यांचं काय? त्या ३७ ठिकाणी रांगा लावून उभ्या केल्या गेल्या. डेट्रॉइटजवळचं एक मोडकळीला आलेलं फुटबॉल स्टेडियम, मिनेसोटातली बंद पडलेली कागदाची गिरणी, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला व्हिक्टरव्हिलचा विमानतळ. आकाशातून घेतलेली छायाचित्रं पाहिली तर वाळूवर कुणी रंगीत मणी ओवून ठेवलेत असं वाटतं.

पुण्यात या प्रकरणाचा धागा वेताळ टेकडीवर येऊन पोचतो. सकाळी फिरायला जाणारे पुणेकर जिला एआरएआयची टेकडी म्हणतात, तिथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाची प्रयोगशाळा आहे. देशात विकायची गाडी पास करून घ्यायला जी मोजकी ठिकाणं आहेत त्यातलं हे प्रमुख. फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला, म्हणजे तिथून तासाभराच्या वाटेवर. पोलो आणि व्हेंटो तिथंच बनत. २०१५च्या शरदात सरकारनं एआरएआयला या डिझेल गाड्या तपासायला सांगितल्या. निष्कर्ष असा की भारत स्टेज ४च्या मर्यादेपेक्षा नॉक्स १.१ ते २.६ पट. कंपनीनं ३,२३,७०० गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलून द्यायची तयारी दाखवली, पण आम्ही इथला कोणताही नियम मोडलेला नाही, हे तिचं म्हणणं कायम राहिलं. त्या म्हणण्यात तांत्रिक दम होता. रस्त्यावर चालताना गाडीनं किती धूर सोडावा याची मर्यादा आपल्या नियमांत तेव्हा नव्हतीच.

प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं ते दिल्लीतल्या एका शाळेच्या शिक्षिकेसह काही नागरिकांच्या अर्जावरून. नोव्हेंबर २०१८ मध्ये लवादानं तात्पुरते १०० कोटी रुपये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरायला सांगितले. कंपनीनं भरले नाहीत. १७ जानेवारी २०१९ रोजी लवादाची सहनशक्ती संपली: उद्या संध्याकाळी पाचपर्यंत पैसे भरा, नाहीतर भारतातल्या प्रमुखाला अटक आणि मालमत्तेची जप्ती. पैसे वेळेत आले. सरकारी कामकाजात ‘संध्याकाळी पाच’ या शब्दांना एवढं वजन मी क्वचितच पाहिलं आहे.

नुकसानीचा आकडा ठरवायला समिती होती. केंद्रीय मंडळ, अवजड उद्योग मंत्रालय, पुण्याची एआरएआय आणि नागपूरची नीरी. समितीनं अंदाज दिला: २०१६ मध्ये या गाड्यांचं जादा नॉक्स ४८.६७८ टन, आणि दिल्लीकरांच्या आरोग्याची हानी १७१.३४ कोटी रुपये. म्हणजे टनाला साडेतीन कोटी. एवढ्या नेमक्या दशांशाच्या पाठीमागे गृहीतकांचा केवढा डोंगर असतो हे अशा समित्यांवर बसलेल्या कुणालाही विचारा. ७ मार्च २०१९ला लवादानं १७१ कोटींवर न थांबता, इतरांना जरब बसावी म्हणून ५०० कोटी भरायला सांगितले. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कंपनीवर सक्तीची कारवाई करायला मनाई केली.

आपल्याकडे हवेच्या दंडाची खरी गोची वेगळी आहे. १९८१च्या हवा कायद्यात शिक्षा कडक होती. दुरुस्तीनंतर दीड ते सहा वर्षं तुरुंगवास. पण ती द्यायला दंडाधिकाऱ्याकडे फौजदारी खटला भरावा लागे, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी तारखांना जाऊन जाऊन दमत असे. मंडळाला स्वतः दंड ठोकायची तरतूदच नव्हती. म्हणून मंडळांनी आपल्या वाटा शोधल्या: कारखाना बंद करायचा हुकूम, वीज-पाणी तोडायचा हुकूम, आणि सगळ्यात लाडकी बँक गॅरंटी. एमआयडीसीत कुठेही ‘बीजी’ म्हणा, पर्यावरण बघणारा माणूस कान टवकारतो. संमतिपत्रात अट घालायची की अमुक महिन्यांत बॅग फिल्टर बसवा, स्क्रबर दुरुस्त करा, आणि तोवर पाच-दहा लाखांची बीजी आमच्याकडे ठेवा. नाही केलंत तर जप्त. याला कायद्याचा आधार आहे की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की भरपाई म्हणून रक्कम घ्यायचा किंवा संभाव्य हानीपोटी बँक गॅरंटी मागायचा अधिकार मंडळांना आहे. मला बीजीचं कौतुक आहे, कारण तिच्या पोटात काम असतं. अट पुरी केली की पैसे परत, आणि चिमणीवर फिल्टर बसलेला.

याखेरीज केंद्रीय मंडळाचं भरपाईचं २०१९चं सूत्र आहे. उद्योगाचा प्रदूषण अंक (लाल वर्गाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०), गुणिले नियमभंगाचे दिवस, गुणिले रुपयांचा आकडा (सहसा २५०), गुणिले कारखान्याचा आकार (लहान ०.५, मोठा १.५), गुणिले गावाच्या लोकवस्तीचा अंक. पन्नास लाख ते एक कोटी वस्तीच्या शहरालगतचा मोठा लाल कारखाना धरा: ८० × १ × २५० × १.५ × १.५. दिवसाला ४५,००० रुपये. यात कारखान्यानं नियम मोडून किती वाचवले हा प्रश्नच कुठे नाही. स्क्रबरचा पंप बंद ठेवून महिन्याला विजेचे किती लाख वाचतात हे कारखान्याच्या अकाउंटंटला तोंडपाठ असतं आणि सूत्राला ते विचारायची सोय नाही. जनविश्वास कायद्यानं १ एप्रिल २०२४ पासून हवा कायद्यातले बरेच गुन्हे फौजदारीतून काढले आणि १०,००० ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. तो ठरवायला न्यायनिर्णय अधिकारी नेमायची तरतूद केली. लहान भट्टीवाल्याला १५ लाख म्हणजे घर विकायची पाळी. मोठ्या कारखान्याला ते किरकोळ खर्चात बसतात.

रस्त्यावर मोजायचं मात्र आपण शिकलो. १ एप्रिल २०२३ पासून, बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात, नव्या मोटारीला रोलरवरच्या परीक्षेसोबत रस्त्यावरची परीक्षाही सक्तीची झाली. सायलेन्सरला नळी, नळीला पेटी. पीयूसी सेंटरवरच्या तारेसारख्या नळीनं अर्धा मिनिट धूर हुंगायचा, नंबरप्लेटचा फोटो काढायचा आणि कागद हातात द्यायचा, त्यापेक्षा हे काम पुष्कळ वरच्या इयत्तेचं.

आणि १९९८च्या यादीतलं एक नाव परत आलं. पुण्यात कमिन्स म्हटलं की कर्वेनगरचं मुलींचं इंजिनीअरिंग कॉलेज आठवतं. अमेरिकेतल्या या इंजिन कंपनीचा पुण्याशी संबंध साठ वर्षांचा. फोक्सवॅगननंतर ईपीएनं सगळ्या डिझेलवाल्यांना कळवलं होतं की यापुढे तुमच्या गाड्या अनपेक्षित पद्धतीनं मोजल्या जातील. पुढे २०१९च्या रॅम पिकअपच्या मंजुरीवरून ईपीए आणि कॅलिफोर्नियाच्या मंडळानं कमिन्सला प्रश्न विचारले आणि धागा उलगडत गेला. २०१३ ते २०१९च्या ६,३०,००० गाड्यांच्या इंजिनांत तपासणीला चकवणारं सॉफ्टवेअर असल्याचा सरकारचा आरोप होता. डिसेंबर २०२३ मध्ये तडजोड जाहीर झाली: १.६७५ अब्ज डॉलर. हवेच्या कायद्याखालचा हा आजवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड, फोक्सवॅगनच्याही पुढे. कुणी वाईट हेतूनं वागल्याचा पुरावा आम्हाला दिसला नाही आणि आम्ही चूक कबूल करत नाही, हे कंपनीचं वाक्य याही वेळी होतं.

अटी वेगळ्या, साडेबत्तीस कोटी डॉलरच्या. गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलायचं. आणि रेल्वेवाल्यांशी बोलून जुनी, जास्त धूर ओकणारी २७ डिझेल रेल्वे इंजिनं बदलून द्यायची. यार्डात शंटिंग करणारी इंजिनं उगाच चालू ठेवून उभी असतात, ती कमी वेळ चालू राहावीत यासाठी आणखी ५० प्रकल्पांवर खर्च करायचा.